भुसारीजींच्या गाळलेल्या जागा

भुसारीजींना चहा पाजणं सोपं नाही. आमच्या ऑफिसात नवा आलेला माणूस पहिल्या दिवशी भलेपणानं त्यांच्या टेबलापाशी जातो आणि म्हणतो, "भुसारीजी, चाय?" भुसारीजी डोकं वर करत नाहीत. उजव्या हाताची तीन बोटं तेवढी वर होतात. "कौन, कहाँ, कितने बजे?" त्या बिचाऱ्याला वाटतं, थट्टा आहे. थट्टा नसते. "मैं, कैंटीन में, ग्यारह बजे," हे ह्याच क्रमानं म्हटल्याशिवाय भुसारीजी हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. "कैंटीन में, ग्यारह बजे, मैं" असं म्हणालात तर पंचाईत आणखी वाढते. ते चष्मा कपाळावर सरकवतात आणि शांतपणे विचारतात, "मतलब पिलाने वाले का नाम कैंटीन है?"

ह्या माणसाच्या शेजारच्या टेबलावर माझी निम्मी नोकरी गेली. आता माझ्या घरी कोणी नुसतं "अगं, ऐक" म्हटलं तरी माझीच तीन बोटं वळवळायला लागतात.

आमचं ऑफिस म्हणजे जबलपुरातल्या एका सरकारी कारखान्याचा आस्थापना विभाग. कारखान्याचं नाव सांगून काही मिळायचं नाही. इथल्या कुठल्याही मराठी घरातलं एक तरी माणूस अशाच कुठल्यातरी कारखान्यात नाहीतर रेल्वेत खपलेलं असतं. विभागात मराठी आम्ही दोघंच, भुसारीजी आणि मी. समोर मिश्राजी आणि त्यांचा पानाचा डबा, काचेच्या खोलीत तिवारी साहेब. कूलरचा आवाज येतो, हवा येत नाही. दुपारी तीनच्या पुढं सगळ्यांचे खांदे उतरतात, आणि त्या वेळेला भुसारीजी कोणालातरी क्रम शिकवत असतात.

त्यांची बाजूही सांगायला हवी. कामगारांची सगळी माहिती आमच्याकडे एका जुनाट डेटाबेसमध्ये आहे. कोणाचं ओळखपत्र, कोणाचं दवाखान्याचं कार्ड, कोणाचा सेवेचा दाखला, रोज काहीतरी काढायचं असतं. दर वेळी मशीनला तेच ते लांबलचक हुकूम टाइप करून द्यायचे म्हटलं तर बोटं झिजतील. म्हणून भुसारीजींनी फार पूर्वी ते हुकूम फायलींमध्ये लिहून ठेवले. कार्डाची एक फाइल, दाखल्याची एक. हुकुमात जिथं माणसागणिक बदलणारं काही येतं, तिथं नुसता आकडा: एक, दोन, तीन. आपण फाइलला हाक मारायची आणि तिच्या पाठोपाठ कामगाराचा नंबर, कार्डाचा प्रकार, साल असं ओळीनं द्यायचं. पहिलं दिलेलं पहिल्या जागी जाऊन बसतं, दुसरं दुसऱ्या. ह्याला पॅरामीटर म्हणतात. भुसारीजी मिश्राजींपाशी 'रिक्त स्थान' म्हणतात आणि माझ्यापाशी 'गाळलेल्या जागा'.

मला सुरुवातीला हे काही केल्या डोक्यात शिरेना. तेव्हा ते म्हणाले होते, "मीनाताई, तुमच्या घरी सत्यनारायण होते नं? पोथी तर तीच असते. गुरुजी दर घरी नवीन लिहून आणते का? नाही. फक्त संकल्पात अमुक गोत्र, अमुक नाव. तिथं यजमान बसवायचा अन् पुढं चालायचं. बस, तेच करून राहिलो मी." त्यानंतर ऑफिसनं मला तीन-चार ट्रेनिंगांना पाठवलं, गार समोसे खाऊ घातले, पण इतकं स्वच्छ कोणी सांगितलं नाही.

अडचण एवढीच की भुसारीजींना ह्या फायली ऑफिसात ठेवून घरी जाता येत नाही. ते राहतात त्या राइट टाउनच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीला त्यांनी भाजी, वजन आणि थैली ह्या क्रमानं असं काही वळण लावलं आहे की ती त्यांना लांबून पाहूनच ओरडते, "बाबूजी, लौकी, आधा किलो, थैली नहीं है!" जागा तीच भरते, भुसारीजी नुसती मान हलवतात. रिक्षावाले मात्र अजून तयार झालेले नाहीत.

आणि त्यांचा खरा शत्रू म्हणजे मागची राहिलेली किंमत. आमच्या मशीनची एक वाईट खोड आहे. एकदा एखादी जागा भरली, की आपण मुद्दाम रिकामी करेपर्यंत ते तीच किंमत धरून बसतं. पुढच्या वेळी काही द्यायला विसरलात तर तक्रार करत नाही, गुपचूप आधीच्याच माणसाला तिथं बसवतं. म्हणून काम झालं की जागा रिकामी करून उठायचं, हा भुसारीजींचा नियम. त्यांनी भिंतीवर तशी पाटीही लावली: 'उठने से पहले ख़ाली करें.' बाहेरची माणसं ती वाचून खुर्च्यांवरून उठतात.

मिश्राजी पाटीखालीच बसतात, त्यामुळे त्यांना ती दिसत नाही. एकदा शहपुऱ्याचे एक निवृत्त फिटर दवाखान्याच्या कार्डासाठी आले. त्यांच्या आधी मझौलीच्या रामवतीबाईंचं कार्ड निघालं होतं. मिश्राजींच्या तोंडात पान होतं. त्यांनी फाइलला हाक मारली आणि पुढं काहीच दिलं नाही. कार्ड छापलं गेलं, न वाचता लिफाफ्यात गेलं. काही दिवसांनी फिटरसाहेब परत आले, कार्ड टेबलावर ठेवलं आणि आपल्या भरघोस मिशांवरून हात फिरवत म्हणाले, "साहब, डॉक्टर कह रहा है रामवती बाई को साथ लेकर आओ."

आम्ही सगळे हसलो. भुसारीजी हसले नाहीत. त्यांनी दुसरं कार्ड काढून दिलं आणि फिटरसाहेबांना जिन्यापर्यंत पोचवलं. "माणूस एक, नाव दुसऱ्याचं," ते मला डबा खाताना म्हणाले. "ह्याच्यावून मोठी चूक कोणती आहे, सांगा."

ह्याच मिश्राजींच्या नव्या घराची वास्तुशांत होती. पंडितजी त्या दिवशी बरीच घरं करत आले होते आणि आमच्याइतकेच दमलेले होते. संकल्प सांगताना त्यांनी डोळे मिटून गोत्र घेतलं, नाव घेतलं, आणि ते दोन्ही आधीच्या घरच्या गुप्ताजींचं होतं. मिश्राजी हात जोडून बसलेले, त्यांना पत्ता नाही. तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून भुसारीजी उभे राहिले. "पंडितजी, रुकिए. पिछला मान रह गया है." मान म्हणजे त्यांची ती मागची किंमत. पंडितजी रागावले. भगवान सब समझते हैं, म्हणाले. "समझते तो हैं," भुसारीजी म्हणाले, "लेकिन फल गुप्ताजी के घर जाएगा." हे ऐकल्याबरोबर मिसेस मिश्रांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "शुरू से कीजिए." सगळं पहिल्यापासून झालं. पुऱ्या गार झाल्या, आणि जेवताना भुसारीजींच्या शेजारी कोणी बसलं नाही. मी बसले. मला उभं राहवत नव्हतं, शेजारी कोण आहे हे बघण्याचं त्राण नव्हतं.

भांडणातसुद्धा त्यांचा नियम तोच. माझ्याशी त्यांची वर्षातून दोन-चारदा तरी जोरदार जुंपते. पण पाच वाजले की ते डब्याची पिशवी उचलतात, म्हणतात, "चला मीनाताई, रिकामं," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भांडणाचा एक कण त्यांच्याजवळ सापडत नाही. मला हे जमत नाही. मी भांडण घरी नेते, चांगलं मुरवते आणि नवऱ्याला वाढते.

एवढं असून त्यांच्याविषयी आम्हाला ठाऊक काय, तर फारसं काही नाही. खुर्चीमागच्या पट्टीवर 'एम. जी. भुसारी'. त्यातलं एम म्हणजे काय, हे कोणी विचारलं नाही. लग्न केलं नाही. घरी म्हातारी आई आहे, असं एकदा बोलण्यात आलं होतं. मंडळाच्या गणपतीला येत नाहीत, हळदीकुंकवाचा प्रश्नच नाही. एकटा जीव सदाशिव, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग पुण्याच्या मुख्यालयाचा निरोप आला. जुना डेटाबेस बंद होणार, सगळं नव्या यंत्रणेवर जाणार. तिथं म्हणे बटणं असतात, यादीतून माणूस निवडायचा, कोणाला काही क्रमानं द्यायला नको. पण भुसारीजींच्या फायलींत कोणती जागा कशासाठी ठेवली आहे, हे त्यांच्याशिवाय कोणाला माहीत नाही. म्हणून त्यांनी चार महिने पुण्याला येऊन बसावं, एकेक फाइल समजावून द्यावी. म्हणजे फायली नव्या यंत्रणेत जातील आणि परत आल्यावर तिच्या विभागाचे प्रमुख भुसारीजीच. नाही आले तर पुण्याची माणसं सगळं नव्यानं लिहितील, जुन्या फायली पुसल्या जातील आणि भुसारीजी निवृत्त होईपर्यंत आवक-जावकच्या टेबलावर पाकिटांवर शिक्के मारतील. फोनवरून समजावण्याची सोय नव्हती. ते मशीन बाहेरून उघडतच नाही.

भुसारीजी म्हणाले, "नहीं हो पाएगा."

मिश्राजींनी पुण्याचा गारवा सांगितला, तिवारी साहेबांनी बढती सांगितली. मी शहाणपणानं तीन बोटं वर केली आणि म्हटलं, "तुम्ही, पुण्याला, चार महिने." क्रम बिनचूक होता. ते माझ्याकडे बघून थोडंसं हसले आणि पुन्हा नाही म्हणाले. कारण विचारलं की कीबोर्ड पुसायला घ्यायचे. ऑफिसात बोलणी सुरू झाली. हट्टी आहे, घाबरला आहे, पुण्यात आपली मराठी ऐकून लोक हसतील म्हणून जात नाही. हे शेवटचं मीच म्हटलं होतं.

उत्तर कळवण्याची मुदत संपत आली तेव्हा तिवारी साहेबांनी मला बोलावलं. "आप उनके घर जाइए. मराठी में समझाइए." मराठीत समजावलं की मराठी माणूस ऐकतो, असा तिवारी साहेबांचा समज आहे. त्यांनी मराठी घरं पाहिलेली नाहीत. माझे गुडघे दुखत होते, घरी कणीक मळायची होती, तरी संध्याकाळी ऑटो करून गेले.

राइट टाउनमध्ये एका शाळेच्या मागं, तळमजल्यावर दोन खोल्या. दार भुसारीजींनीच उघडलं, पण क्षणभर मी त्यांना ओळखलं नाही. ऑफिसात त्यांचा भांग डावीकडून असतो. दारातल्या माणसाचा उजवीकडून होता, आणि अंगात चौकड्यांचा एक जुना शर्ट होता, त्यांना दंडात घट्ट होणारा.

"मीनाताई? तुम्ही काहून आल्या?"

मी तोंड उघडायच्या आत आतल्या खोलीतून आवाज आला. "शरद, कोण आलं रे?"

"ऑफिसातल्या ताई आल्या, आई," भुसारीजी म्हणाले.

मला वाटलं घरात आणखी कोणी आहे. मी इकडेतिकडे बघितलं. "शरद कोण?"

भुसारीजींनी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "दादा. माझा मोठा भाऊ. वारला तो, झाले बरेच दिवस."

मी खुर्चीत बसले. ते उभेच राहिले.

"आई हळूहळू सगळं विसरली. शरद गेला, ते पण विसरली. एक दिवस मी ऑफिसातून आलो तर म्हणे, आला का शरद? मी म्हटलं, आई, मी मधू. शरद नाही आता. तर ती जशी पहिल्यांदाच ऐकून राहिली, तशी रडली. रात्रभर रडली. सकाळी पुन्हा विसरली. संध्याकाळी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, ती पुन्हा तशीच रडली. आता किती वेळा मारायचं त्याला, ताई? मग मी सांगणं सोडलं. शरद भांग असा पाडत होता. शर्ट त्याचाच आहे."

एक नाव चुकलं म्हणून ज्यानं वास्तुशांत थांबवली, तो माणूस इथं रोज संध्याकाळी दुसऱ्याच्या नावाला ओ देत होता.

तरी आले होते त्या कामाचं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "चार महिन्यांचाच तर प्रश्न आहे. बाई ठेवा चोवीस तासांची. मिळते आजकाल."

"दिवसा येते एक बाई. जेवू घालायला कोणी पण मिळेल. पण संध्याकाळी शरद आला नाही, तर ती विचारेल. रोज विचारेल. अन् कोणीतरी चांगल्या मनाचं माणूस तिला खरं सांगून टाकेल." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मी इथं असताना ते नाही होऊ देणार."

"आणि फायली?"

"जाऊ द्या. पुण्याची पोरं हुशार असतात. चांगल्या लिहितील." त्या फायली म्हणजे त्यांची सगळी उमेद होती, हे मला माहीत होतं. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांच्या मराठीवरून मी केलेला विनोद आठवून स्वतःचा रागही आला.

मग आईंनी मला आत बोलावलं. एवढीशी मूर्ती, पण केस विंचरलेले, पातळ स्वच्छ, खिडकीशी पलंगावर बसलेली. भुसारीजी त्यांच्या पायांशी बसून पायाला तेल चोळायला लागले.

"तुम्ही मधूच्या ऑफिसातल्या का?" त्यांनी विचारलं.

मी भुसारीजींकडे बघितलं. त्यांनी खालमानेनंच होकार दिला.

"हो," मी म्हटलं.

"कसा आहे तो?"

"चांगला आहे."

"नुसतं चांगला काय? जेवते का वेळेवर?"

"जेवते, आई. रोज डबा आणते."

"भांडत असेल सगळ्यांशी. शरद माझा गरीब. मधू पहिल्यापासून हेकट."

"भांडते कधी कधी. पण मनात नाही ठेवत." एवढ्यावर थांबवेना, म्हणून पुढं म्हटलं, "त्याच्याशिवाय आमचं ऑफिस चालत नाही, आई. जे कोणाला येत नाही ते त्याला येते."

पायावरचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

आईंना ते ऐकून बरं वाटलेलं दिसलं. मग त्यांचा चेहरा उतरला. "शरदचंच जास्त केलं आम्ही. नवीन कपडे त्याला, कौतुक त्याचं. मधूला शरदचे उतरलेले घालायचे. राग आला असेल त्याला. नाहीतर येत काहून नाही तो घरी?"

"राग नाही आहे त्याला," भुसारीजी पायांकडेच बघत म्हणाले. "मला माहीत आहे नं, आई. कामात असते तो."

"तू त्याचीच बाजू घे," आई म्हणाल्या, आणि त्यांच्या केसांवरून हात फिरवला.

भुसारीजी माझ्यासाठी चहा करायला स्वयंपाकघरात गेले. जाताना आईंच्या हातात रव्याचा एक लाडू देऊन गेले. दर रविवारी ते स्वतः करतात, असं नंतर कळलं. त्यांची पाठ वळल्याबरोबर आईंनी लाडू पदराच्या टोकात गुंडाळला, दाराकडे एक नजर टाकली, आणि मला जवळ ये अशी खूण केली. पदर सोडून तो माझ्या हातात दाबला.

"मधूला द्या," त्या कुजबुजल्या. "शरदला नका सांगू. तो म्हणते, मीच खावा म्हणून. मधूला फार आवडते."

दुसऱ्या दिवशी मी आधी काचेच्या खोलीत गेले आणि तिवारी साहेबांना सांगितलं की भुसारीजी जाणार नाहीत, आणि ह्यापुढं त्यांना कोणी विचारायचंही नाही. साहेब आश्चर्यानं बघत राहिले. माझा आवाज चढला होता. आवक-जावकचं टेबल खिडकीजवळ तरी ठेवा, असंही म्हणाले.

मग जागेवर आले आणि कागदात बांधलेला लाडू भुसारीजींच्या कीबोर्डवर ठेवला.

त्यांनी तो लगेच ओळखला. त्यांच्याच हातचा होता. "हा तर आईचा," ते म्हणाले. "खाल्ला नाही तिनं?"

"मधूला द्या म्हणाल्या. शरदला न सांगता."

भुसारीजी आधी हसले. मग त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. आणि लाडू खायला लागले, अगदी हळू, सांडलेले कण बोटानं टिपून. मिश्राजींच्या नजरेतून खाण्याची वस्तू कधी सुटत नाही. ते पानाचा डबा बंद करून उठून आले. "क्या बात है भुसारीजी, अकेले-अकेले? हमें नहीं दोगे?"

भुसारीजींनी डबा कधी एकट्यानं खाल्लेला मी पाहिलेला नाही. त्या दिवशी त्यांनी उरलेला लाडू मुठीत मिटून घेतला.

"नहीं," ते म्हणाले. "माँ ने भेजा है. मेरे लिए."